रेकॉर्डर इंटरफेस म्हणून वापरावा का? निपाणीच्या सरांना उत्तर

सर नमस्कार. मी माझ्या लेखात लिहिलं होतं की झूम एच४एन हा हातात मावणारा रेकॉर्डर लॅपटॉपला जोडून इंटरफेस म्हणून, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी म्हणून वापरा. तुम्ही लिहिलंय की असं सांगणं म्हणजे पोरांना चुकीच्या वाटेला लावणं, १६ बिटच मिळतात (बिट जितके जास्त तितकी आवाजाची नोंद बारीक), मागं सूं असा आवाज येतो आणि तेवढ्या पैशात चांगला इंटरफेस येतो. राग आला नाही, उलट तुमच्यामुळं लेख परत वाचला आणि माझीच एक मोठी चूक सापडली, ती पहिली सांगतो.

मी लिहिलं होतं की लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू असताना रेकॉर्डरमधल्या मेमरी कार्डवर पण बॅकअप होतो. एच४एनवर तसं होत नाही. यूएसबी मेनूत जाऊन ऑडिओ इंटरफेस निवडला, सॅम्पल रेट ४४.१ का ४८ किलोहर्ट्झ ते सांगितलं आणि कनेक्ट केलं की तो फक्त इंटरफेस राहतो, कार्डवर काही लिहीत नाही. आणि हे मला माहीत असायला पाहिजे होतं कारण मी त्याची किंमत मोजलीय. गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यात जांबोटीकडं एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायला गेलो होतो, नंतर कार्डवरून कॉपी करायचा त्रास नको म्हणून सरळ लॅपटॉपलाच जोडलं, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेलेली, चार्जरवरच चालायचा. बाहेर पाऊस, आजी जातं ओढत गातायत, घरघर आणि आवाज दोन्ही इतकं छान येत होतं की मी मान वर करून बघत पण नव्हतो, आणि मधेच करंट गेला. लॅपटॉप बंद, त्याच्यावरच चालणारा रेकॉर्डर पण बंद, आणि फाईल नंतर उघडलीच नाही. आजींनी दुसऱ्या दिवशी परत गायलं पण माहेरावरची एक ओवी त्यांना काही केल्या तशी आठवली नाही. तेव्हा मी समजत होतो कार्डवर असेल, कार्ड रिकामं.

म्हणून आता लेखात बदल केलाय: जे परत मिळणार नाही ते रेकॉर्डरमध्ये नवे सेल घालून कार्डवरच घ्यायचं, यूएसबी काढून. जे चुकलं तर परत बोलता येतं, म्हणजे व्हिडिओचा आवाज, ऑनलाईन क्लास, घरी बसून गाण्याची प्रॅक्टिस, त्याला इंटरफेस मोड.

आता १६ बिटचं. इंटरफेस मोडमध्ये एच४एन १६ बिटच देतो हे खरं, कार्डवर २४ मिळतात. पण १६ बिट म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात जवळपास ९६ डेसिबलची जागा आहे हो सर. आपल्या घरातला पंखा, रस्त्यावरची गाडी, शेजारच्यांचा कुकर यांचा आवाज त्या जागेच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. आवाजाचा सगळ्यात मोठा भाग मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला की बोलण्याला काही कमी पडत नाही. २४ बिटचा खरा फायदा लेव्हल बरीच खाली ठेवता येते हा, आणि म्हणूनच एखादा गायक अचानक वरच्या सुरात गेला तर फाटत नाही. तिथं तुमचं पटतं.

सूं चं तर पूर्णच पटतं. एच४एन २००९ चा, त्याचा प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) जुना, त्याला साधा डायनॅमिक माईक (स्टेजवर असतो तसा, वीज न लागणारा) लावून हातभर लांबून बोललं तर गेन, म्हणजे आवाज वाढवायचं प्रमाण, इतका वाढवावा लागतो की मागची सूं ऐकू येणारच. माईक तोंडापासून चार बोटांवर आणला की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो, नाहीतर फँटम (रेकॉर्डरमधून माईकला मिळणारी वीज) चालू करून कंडेन्सर, म्हणजे त्या विजेवर चालणारा जास्त संवेदनशील माईक, लावायचा. पण तुम्ही लिहिलेला गुंs असा जाड आवाज वेगळा, ती सूं नव्हे. तो बहुतेक चार्जरमधून येतो, जुन्या घरात अर्थिंग नीट नसली की हमखास. चार्जर काढून एक मिनिट रेकॉर्ड करून बघा, आवाज गेला तर रेकॉर्डरचा दोष नाही.

पैशाचं म्हणाल तर फक्त घरी बसून रेकॉर्ड करायचं असेल आणि हातात काहीच नसेल तर इंटरफेसच घ्यावा, हे लेखात ठळक लिहायला पाहिजे होतं, आता लिहिलंय. माझ्या डोळ्यासमोर भजनी मंडळातली पोरं होती, ज्यांच्याकडं रेकॉर्डर आधीच आहे आणि वर्षातून चार दिवस बाहेर निघतो, बाकी कपाटात. त्यांना अजून पैसे घालायला कशाला सांगू? आणि जोडूनही लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी केबल बदला, बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. यात माझे दोन दिवस गेले होते.

बेळगावला आलात तर तुमचा इंटरफेस घेऊन अनगोळला घरी या, एकच माईक, एकच खोली, दोन्हीवर घेऊन बघू आणि जे येईल ते दोन्ही फाईलींसकट इथंच टाकतो. माईकची एक्सएलआर केबल मात्र तुमची पण आणा, माझ्याकडं एकच आहे.