ती कार्डं रद्दीत घालू नका

काल पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात गेले होते, तर कार्ड कॅटलॉगचं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची माहिती लिहिलेल्या कार्डांचं, कपाट जिन्याखाली ढकललेलं. तिथले म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे ताई, हे रद्दीत जाणार." मला राहवेना, एक ड्रॉवर ओढला. पितळेची सळई तशीच आणि कार्डांच्या कडा हात लागून लागून काळ्या झालेल्या. एका कार्डाच्या मागे निळ्या शाईत शेरा होता, "पृ. ४१ ते ४८ नाहीत. नकाशा उलटा बांधला आहे." मग तेच पुस्तक कॉम्प्युटरवर शोधलं. नाव, लेखक, किंमत, दाखल नंबर, बस्स! शेऱ्याला कॉलमच ठेवला नव्हता, टाइप करणाऱ्या पोरांनी तरी काय करावं.

आणि हे तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून झालं असंही नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम बाईंनी मार्क नावाची पद्धत बसवली, म्हणजे कार्डावरची माहिती मशीनला वाचता येईल अशी रचना, आणि त्यात शेऱ्यांसाठी वेगळी जागा आहे, ५०० नंबरची. कोहासारखं ग्रंथालयांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर २००० पासून आहे, त्यातही हे सगळं भरता येतं. आपण मात्र एक्सेलच्या चार कॉलमांत उरकलं.

दुसरं दुखणं फॉन्टचं. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणणारी सरकारी संस्था सी-डॅक आपल्याच पुण्यातली, भारतीय लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायचं इस्की हे कोड १९९१ मध्येच प्रमाण झालं, जगभरच्या लिप्यांसाठीच्या अशाच कोडची, युनिकोडची, पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, तरी नंतर कितीतरी वर्षं याद्या ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये टाइप होत राहिल्या आणि आज ती फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. तो फॉन्ट सापडला तर कन्व्हर्टरने यादी परत मिळते, त्यामुळे जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यातले फॉन्ट तेवढे कॉपी करून ठेवा, प्लीज.

स्कॅनिंग व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण स्कॅन केलेल्या पुस्तकात आठ पानं नसतील तर ती मुळातच नव्हती की स्कॅन करताना राहिली, हे पुढच्या अभ्यासकाला कोण सांगणार? ते त्या निळ्या शाईलाच माहीत आहे.

कपाट महिनाभर ठेवायला कसंबसं तयार केलंय. रविवारी सकाळी मोबाइल घेऊन बसणार आहे, येणाऱ्यांनी कमेंटमध्ये कळवा. प्रत्येक कार्डाचे दोन फोटो घ्यायचेत, मागची बाजू कोरी दिसली तरी.