रोम गावची नारिंगी ६१

एखाद्या खेळाडूला ‘प्रादेशिक’ म्हटले की तो वर पोहोचू शकला नसणार, असे आपण मनातल्या मनात धरून चालतो. अमेरिकेत राहायला आल्यावर येथील स्टॉक कार, म्हणजे साध्या मोटारींच्या धर्तीवर बनवलेल्या गाड्यांच्या शर्यती पाहू लागलो, तेव्हापासून मला हे अन्यायाचे वाटते. रिची एव्हान्सच्या बाबतीत तर ते साफ चुकीचे आहे.

न्यूयॉर्क राज्यातील रोम गावाजवळच्या शेतकरी घरातला हा मुलगा सोळाव्या वर्षी शेती सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला, १९६२ मध्ये युटिका-रोमच्या ट्रॅकवर उतरला आणि पुढे नॅसकार या अमेरिकेतील स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या मॉडिफाइड गटाचे विजेतेपद त्याने नऊ वेळा मिळवले: १९७३ मध्ये एकदा आणि १९७८ ते १९८५ सलग आठ वेळा. मॉडिफाइड म्हणजे बुटकी, रुंद टायरांची, चाके बॉडीबाहेर असलेली गाडी. नॅसकारची १९४८ मधली पहिलीच शर्यत या गाड्यांची होती.

त्या काळी विजेतेपदासाठी मोजक्या शर्यती नेमून दिलेल्या नसत. निरनिराळ्या गावांतील ट्रॅकवर मिळवलेले गुण एकत्र धरले जात, त्यामुळे हंगामभर गाडी ट्रकवर चढवून आज या गावी तर उद्या त्या गावी जायचे आणि मधल्या वेळात मोडतोड दुरुस्त करायची, असाच क्रम असे. १९७९ मध्ये एव्हान्सने अशा ६० शर्यतींत भाग घेतला आणि ३७ जिंकल्या. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी जेरी कुक हाही रोमचाच, सहा वेळा विजेता. १९७१ पासून १९८५ पर्यंत, म्हणजे सलग पंधरा वर्षे, हा किताब रोमबाहेर गेलाच नाही!

गेल्या उन्हाळ्यात ऑस्वेगोच्या ट्रॅकवर मी कुंपणाजवळ बसलो होतो. गाड्या वळणावरून गेल्या की टायरच्या रबराचे बारीक काळे कण अंगावर येतात. माझ्या डब्यातल्या पोळीवरही ते येऊन बसले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या डोक्यावर विटलेली नारिंगी टोपी होती आणि तिच्यावर ६१ हा एव्हान्सच्या गाडीचा आकडा होता. लहानपणी वडिलांबरोबर त्याला पाहायला येत असू, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला.

२४ ऑक्टोबर १९८५ रोजी व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर सरावात गाडी भिंतीवर आदळून एव्हान्स गेला. तो ४४ वर्षांचा होता आणि त्या हंगामाचे विजेतेपद त्याने आधीच निश्चित केले होते.

नॅसकारच्या सर्वोच्च अशा कप मालिकेत पैसा आणि प्रसिद्धी कितीतरी अधिक आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्याला हरवण्यासाठी ईशान्येकडचे उत्तमोत्तम चालक आठवड्यामागून आठवडे जिवाचे रान करत होते, त्याने आणखी कोणती पातळी गाठायची राहिली होती? २०१२ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले, तेही निव्वळ मॉडिफाइडमधल्या कामगिरीवर. माझ्या मते हा सन्मान फार उशिरा झाला. मॉडिफाइडच्या चाहत्यांना त्याची थोरवी कुणी सांगावी लागली नव्हती. मॉडिफाइड मालिकेतून ६१ हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ निवृत्त करण्यात आला आहे.