लायसन्स काढून दिलं म्हणजे ड्रायव्हर तयार झाला का?

"कंपनीच्या खर्चाने ट्रक ड्रायव्हर बना. राहणं-जेवण मोफत, हेवी लायसन्स मोफत, लगेच नोकरी." असली जाहिरात बघून गावाकडची पोरं बॅग भरून येतात. महिनाभरानंतर त्यांच्या हातात लायसन्स असतं, कंपनीच्या कपाटात त्यांनी सही केलेला बॉण्ड असतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच पोरगं भरलेली गाडी घेऊन घाटात एकटं असतं. या प्रकाराला ट्रेनिंग म्हणणाऱ्या प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याचा मला मनापासून संताप येतो.

या ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय? आरटीओच्या मैदानावर साहेब जे बघणार तेवढंच. गाडी कसली, तर स्कूलची जुनी सहाचाकी, मागचा हौद रिकामा. पुढे घ्या, वळवा, रिव्हर्स घ्या, चढावर थांबवून मागे न सरकता उचला, झालं. सहाचाकीचं भरलेलं वजन कायद्याने १८.५ टनांपर्यंत जातं. रिकामी असताना ती कोणाचंही ऐकते. मग हाच पोरगा २८.५ टनांच्या दहाचाकीवर किंवा थेट ५५ टनांपर्यंत जाणाऱ्या ट्रेलरवर बसवायचा, आणि पहिला ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर बघून त्याच्या पोटात गोळा आला, की ऑफिसातल्या माणसाने म्हणायचं, "लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

कागदावर सगळं चोख असतं. वय २० पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं, डॉक्टरचा फॉर्म १ ए, लर्निंग काढून ३० दिवस झालेले, स्कूलचा प्रशिक्षणाचा दाखला म्हणजे फॉर्म ५. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये जे नियम आले त्यात जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा आहे, सहा आठवड्यांत पुरा करायचा. ३८ तास! आणि ज्यांना तेवढेही तास द्यायचे नसतात ते हजेरी वहीत सह्या घेऊन मोकळे होतात. एका गाडीत पाच पोरं मागे बसवायची, एकाने वीस मिनिटं चालवायची, आणि पाचही जणांच्या नावावर दोन-दोन तास लिहायचे. ही चोरी आहे. पोराच्या जिवाची तर आहेच, समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाच्या जिवाचीही आहे.

पूर्वी या लाइनीत माणूस क्लीनर म्हणून यायचा. दोन-तीन वर्षं उस्तादाच्या शेजारी बसायचा, ताडपत्री बांधायचा, टायर ठोकून हवा ओळखायचा, रात्री मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ स्टेअरिंग मिळवायचा. त्या पद्धतीत शिव्या होत्या, मार होता, पगार जवळजवळ नव्हता, तिचं कौतुक मी करणार नाही. पण गाडी कळायची. कंपन्यांनी पगार वाचवायला क्लीनर काढून टाकले, ठीक आहे. मग ती दोन वर्षं कुठल्या तरी रूपात भरून द्यायची जबाबदारी कोणाची? महिनाभराच्या कोर्समध्ये ती बसली असं समजायचं का?

घाट उतरणं शिकवत नाहीत, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. भरलेली गाडी घाट उतरते ती गिअरवर. ब्रेकचं काम फक्त वेग खाली आणायचं. ज्या गिअरमध्ये ती गाडी तो घाट चढेल, त्याच गिअरमध्ये किंवा त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी, वरच टाकायचा. कारण उतारावर वेग वाढला की खालचा गिअर पडत नाही. दात करकरतात, गाडी न्यूट्रलला अडकते, आणि मग ३० टनांच्या मागे फक्त ब्रेक लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, उरतात. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून घाटाच्या तोंडावर थांबून हवेचे दोन्ही काटे बघायचे, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) लागतोय का ते तपासायचं, मग निघायचं. वेग ठरवायचा, समजा ३०. काटा ३० वर गेला की ब्रेक नीट दाबून २०-२२ पर्यंत आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पुन्हा ३० झाला की पुन्हा तेच. पाय ब्रेकवर हलका ठेवून अख्खा घाट उतरणं ही नवख्याची सवय, आणि तिथेच घात होतो. लायनर सतत घासत राहतात, ड्रम तापतो, तापला की फुगतो, फुगला की लायनर बसवलेल्या शूजपासून लांब जातो. पेडल दाबलं जातं, हवा येते, पण पकड येत नाही. वर सारखं पेडल मारलं की टाकीतली हवा संपते. बझर वाजायला लागतो तेव्हा पोरगा आणखी जोरात पेडल मारतो, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की बझर म्हणजे हवा उतरली, आत्ता आणि इथे गाडी थांबवायची. लायनर जळाल्याचा वास आला तर बाजूला घेऊन चाकाला ठोकळा किंवा मोठा दगड लावायचा आणि ड्रम आपोआप थंड होऊ द्यायचा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. हे शिकवायला किती वेळ लागतो? एक भरलेली गाडी, एक जाणता ड्रायव्हर आणि कसारा किंवा खंबाटकीच्या चार खेपा. पण भरलेली गाडी ट्रेनिंगला दिली तर भाडं बुडतं ना!

आता या न शिकवलेल्या पोराच्या डोक्यावर डिझेलचं टार्गेट ठेवतात. एवढ्या किलोमीटरला एवढे लिटर, वर गेलं की पगारातून कापणार. मग जुने लोक त्याला वाट दाखवतात: उताराला न्यूट्रल कर, इंजिन बंद कर, डिझेल वाचतं. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद, म्हणजे नवी हवा भरणं थांबलं. पॉवर स्टेअरिंग गेलं, एक्झॉस्ट ब्रेक गेला. नव्या कॉमन रेल इंजिनात तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरमध्ये उतारावर असली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल खातंच. पुण्यात नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने ४८ गाड्या उडवल्या, आणि गाडी न्यूट्रलवर उतरवली होती असं तपासात पुढे आलं. त्यानंतर किती कंपन्यांनी डिझेलचं टार्गेट बदललं? उतार-चढ, भरलेली-रिकामी, पोर्टवरची रांग, यातलं काहीही न बघता सगळ्यांना एकच अ‍ॅव्हरेज लावायचं, ही ड्रायव्हरला न्यूट्रल मारायला दिलेली सूचनाच आहे. लेखी नसली म्हणून काय झालं? रिकामा ट्रेलर सपाट रस्त्याला लिटरमागे चार किलोमीटर देत असेल, तर तोच भरून घाटात अडीच देईल. रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर सरकत राहिलं तर दीड-दोन लिटर तिथेच जातं. हा हिशेब ऑफिसातल्या प्रत्येकाला येतो. तरीही कापतात.

ट्रेलरचं वेगळंच. घोडा, म्हणजे पुढची ओढणारी इंजिनची गाडी, ट्रेलरला लावणं हे काम नव्या माणसाला पार्किंगमध्ये कोणीतरी घाईत दाखवतो, "मागे घे, खट्ट आवाज आला की झालं." आवाज येऊनही किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या खालची जोडणीची पिन, कधी कधी घोड्याच्या लॉकमध्ये बसलेली नसते. ट्रेलर जास्त उंच उभा असेल तर पिन जबड्याच्या वरून सरकते आणि वरवर सगळं ठीक दिसतं. म्हणून खाली उतरून, टॉर्च घेऊन, घोड्याची प्लेट आणि ट्रेलरची प्लेट यांच्यात फट नाही ना आणि जबडा पिनच्या मागून पूर्ण मिटला आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. मग हवेचे पाइप आणि लाइटची वायर लावायची, ट्रेलर ज्यावर उभा असतो ते लोखंडी पाय थोडे उचलायचे, ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवून घोडा हलका पुढे ओढून बघायचा. सुटला नाही तरच पाय पूर्ण वर घ्यायचे. कंटेनर असेल तर त्याला ट्रेलरला धरून ठेवणारे चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक फिरलेत का ते हाताने तपासायचं. ते उघडे राहिले तर वळणावर बॉक्स उचलला जाऊन शेजारच्या गाडीवर पडू शकतो. त्या बातमीत दोषी ड्रायव्हर असतो. त्याला लॉक कोणी दाखवला होता का, हे कोणी विचारत नाही.

वळताना ट्रेलरची मागची चाकं आतून कापतात, म्हणून घोडा रुंद घ्यावा लागतो, आणि ती जागा बघून दुचाकीवाला डावीकडून आत घुसतो. डाव्या आरशात तो दिसत नाही. रिव्हर्सला स्टेअरिंग उलटं फिरतं: ट्रेलरची शेपटी उजवीकडे हवी तर स्टेअरिंग डावीकडे, तेही थोडंसं, आणि लगेच घोडा त्याच्या मागे घ्यायचा. उशीर झाला की कात्री होते, म्हणजे घोडा आणि ट्रेलर एकमेकांवर दुमडतात. चाकणच्या एमआयडीसीत अरुंद गेट, मागे गाड्यांची रांग, वॉचमन शिट्ट्या मारतोय, अशा वेळी पहिल्यांदा हे करायला लावतात. आरसा गेला, गेटचा खांब वाकला, की पैसे पोराच्या पगारातून.

पगाराचं तर विचारूच नका. ट्रेनिंगच्या नावाखाली बॉण्ड, दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर लाखभर भरा. अरे, लाखभर खर्च झाला कुठे? स्कूलची फी, लायसन्सची फी, मेडिकल, महिनाभराचं जेवण, याचा लेखी हिशेब मागा, गप्प बसतात. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडला तरी वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. म्हणजे बॉण्ड आपोआप रद्द होतो असं नाही, झालेला खर्च कंपनी मागू शकते. पण वर्षभर काम केलेल्या पोराकडून पहिल्या दिवसाइतकीच रक्कम मागणं यात वाजवी काय आहे? दर महिन्याला रक्कम कमी होत गेली पाहिजे, आणि कंपनीनेच काढलं तर शून्य झाली पाहिजे. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही, हे वेतनाच्या कायद्यातच आहे. इथे महिन्याच्या शेवटी चिठ्ठी येते: टायर, डिझेल, चलन, लेट. बाकी शून्य.

काही जण तर मूळ लायसन्सच काढून घेतात, "जमा ठेव, जाताना घे." लायसन्स त्या पोराचं आहे, कंपनीचं नाही. रस्त्यावर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं, त्यामुळे निदान त्यावाचून अडत नाही. ते पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

ओव्हरलोडचंही तेच. वजनकाट्याची पावती न बघता निघायला लावतात. पकडलं तर २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड, जादा माल तिथेच उतरवायचा, त्याची हमाली वेगळी. कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघेही येतात, पण अधिकाऱ्यासमोर उभा राहतो एकटा पोरगा, आणि सुपरवायझर फोन उचलत नाही. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याला, २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी बिघडली, लोडिंगला दीड दिवस गेला, की मुदत संपते. ती संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास, एवढ्याच वेळात वाढवता येते, आणि वाढवायची ऑफिसने. रविवारी रात्री कोण वाढवणार? माल उतरवताना वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, मागायला माणसं येतात, तो पैसाही भत्त्यातून द्यायचा आणि परत आल्यावर पावती दाखवायची. वाराईची पावती कोण देतो?

आणि झोप. कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम आहे, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आहे. प्रत्यक्षात न्हावा शेवा बंदराच्या रांगेतले तास कोणी कामात धरत नाही. पोरगा रात्रभर दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवतो, ना संडास, ना पाणी, सकाळी बॉक्स चढतो आणि फोन येतो, "निघालास का? संध्याकाळपर्यंत गाडी लागली पाहिजे." ज्याने आयुष्यात भरलेली गाडी चार वेळा चालवली, त्याला न झोपता घाटातून पाठवताय तुम्ही.

खर्च जमत नाही हे उत्तर मी मानत नाही. नव्या माणसाला पहिले दोन महिने जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवा आणि दोघांनाही पूर्ण पगार द्या. त्या दोन महिन्यांत भरलेल्या गाडीने घाट उतरवून घ्या, रात्रीची खेप करवून घ्या, रिकाम्या यार्डात रिव्हर्स घोटून घ्या. पहिले सहा महिने डिझेलचं टार्गेट लावू नका. शेजारी बसणाऱ्या उस्तादालाही शिकवण्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर तो खेप मारून नेईल आणि पोरगा खिडकीतून बघत राहील. आणि हे सगळं बॉण्डच्या त्याच कागदावर लिहा, एक प्रत पोराच्या हातात द्या, मगच त्याची सही मागा.