प्रोब जोडलेला असतो, पण लिनक्सला दिसत नाही

विंडोजच्या पोटात चालणाऱ्या लिनक्समध्ये कोड लिहिणे आणि कंपाइल करणे आता इतके सुरळीत झाले आहे, की डीबग प्रोब (चिपमधला प्रोग्रॅम तपासण्यासाठी संगणकाला यूएसबीने जोडायचे उपकरण) जोडताना मात्र दर वेळी तीच अडवणूक का सोसावी, हे मला खरोखर समजत नाही. या लिनक्सची, म्हणजे डब्ल्यूएसएलची, दुसरी आवृत्ती आभासी यंत्रावर चालते आणि यूएसबी उपकरणे तिच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. म्हणून यूएसबीआयपीडी हे यूएसबी उपकरण लिनक्सकडे वळवणारे साधन वापरून प्रोब आधी अ‍ॅडमिनच्या अधिकाराने शेअर करायचा आणि मग लिनक्सच्या हवाली करायचा. इथवर ठीक आहे. पण केबल जरा हलली, की जोडणी तुटते आणि प्रोब पुन्हा लिनक्सच्या हवाली करायचा! आपोआप जोडण्याचा पर्याय आहे खरा, पण त्यासाठी एक टर्मिनल सतत उघडे ठेवावे लागते. उपकरण लिनक्समधल्या एलएसयूएसबी या कमांडच्या यादीत दिसले, तरी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेचा) नियम नसल्यास ओपनओसीडीला, म्हणजे प्रोबशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, परवानगी नाकारली जाते. ओपनओसीडी विंडोजवरच चालवून लिनक्समधला जीडीबी हा डीबगर त्याच्या ३३३३ पोर्टला जोडावा म्हटले, तर नेहमीच्या नॅट मांडणीत (जिथे लिनक्सचे नेटवर्क विंडोजपासून वेगळे असते) लिनक्सचा लोकलहोस्ट, अर्थात ‘हेच यंत्र’ असा पत्ता, म्हणजे विंडोज नव्हेच. विंडोजचा पत्ता शोधून दिला, तरी ओपनओसीडी मुळात फक्त स्वतःच्या लोकलहोस्टवरच ऐकत असतो, आणि तेही बदलले तर वाटेत फायरवॉल आडवी येते. एक ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण) लावण्याआधी इतके सोपस्कार करावे लागतात, याचा मला मनापासून संताप येतो.