गायींची यादी आणि बायको म्हणून नाव

वकीलसाहेब, नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेच्या रूढी-कायद्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लोबोला, म्हणजे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायच्या गायी किंवा पैसे, ही मुलीची किंमत, घरातल्या पुरुषालाच सगळी इस्टेट म्हणजे उघड अन्याय, आणि असल्या रूढींना राज्यघटनेत जागा देणं हीच मुळात चूक. आपण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने केलं तसं त्यांनीही एका फटक्यात हे सगळं मोडीत काढायला हवं होतं. मी हुंड्याविरुद्ध इतकं लिहिते आणि तिकडच्या देण्याघेण्याची मात्र बाजू घेते, हेही तुम्हाला खटकलं.

आधी माझी चूक. वारसाहक्काच्या भे खटल्यात 'न्यायालयाने रूढी सुधारली' असं मी लिहिलं होतं. तुम्ही दाखवलंत ते बरोबर आहे, सुधारली नाही, बाजूला सारली. १५ ऑक्टोबर २००४ च्या निकालात घटना न्यायालयाचे न्या. पायस लांगा यांनी बहुमताच्या वतीने वारसाहक्काची ती रूढी रद्द ठरवली आणि तिच्या जागी सर्वांना लागू असलेला वारसा कायदा आणला. न्या. सँडिले एनकोबो यांचं मत वेगळं होतं : रूढी ठेवा, पण तीत बायकांनाही वारस होऊ द्या. लांगांना ती वाट फार लांबची वाटली. एकेका खटल्यातून रूढी बदलायची म्हटली तर तोवर किती मुली घराबाहेर पडतील? मला लांगांचं पटतं. लेखातली ती ओळ मी दुरुस्त केली आहे.

आता त्या खटल्यातलं घर पाहा. केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतलं कच्चं खोपटं. आईबापांनी सरकारी अनुदानातून ती जागा आणि बांधकामाचं सामान घेतलं होतं, पक्कं घर उभं करायचं म्हणून. घर होण्याआधीच, २००२ साली, बाप गेला. मागे दोन मुली, एक १९९४ ची, धाकटी २००१ ची. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. रूढीप्रमाणे वारस कोण, तर मुलींचा आजोबा. जागा विकून मुलाच्या अंत्यविधीचा खर्च भागवायचा त्याचा विचार होता.

हा आजोबा मला दुष्ट वाटत नाही. त्या रूढीत वारसाला मिळायची ती नुसती मालमत्ता नव्हे. मेलेल्याच्या जागी उभं राहायचं, त्याची देणी फेडायची, बायकापोरांना पोसायचं, हे सगळं त्याच्या गळ्यात पडायचं. एकत्र कुटुंब, गुरंढोरं, सामाईक शेत होतं तोवर यात काही अर्थ होता. शहरातल्या एका खोलीच्या संसारात मालमत्ता वारसाकडे जाते आणि पोसण्याची जबाबदारी वाटेतच गळून पडते. निकालात नेमकं हेच दुखणं सांगितलं आहे.

ही रूढी इतकी ताठर झाली कशी, ते तुमच्या प्रतिक्रियेत आलेलं नाही. नाताळ या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत थिओफिलस शेपस्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कारभारात १८६९ साली सामान्य माणसासाठी लोबोल्याच्या दहा गायी ठरवून टाकल्या गेल्या. तोवर ती दोन घरांमधली बोलणी होती, ऐपतीप्रमाणे, सवडीप्रमाणे, कधी वर्षानुवर्षं चालणारी. पुढे १८७८ मध्ये 'नेटिव्ह' म्हणजे स्थानिक काळ्यांच्या कायद्याची संहिता तयार झाली, १८९१ ला ती बंधनकारक झाली, आणि तिच्यात बाई कायमची अज्ञान, म्हणजे कायद्याच्या नजरेत कधीच सज्ञान न होणारी, ठरली. १९२७ च्या कायद्याने काळ्यांच्या वारसाहक्काची सगळी व्यवस्थाच वेगळी काढून अधिकाऱ्यांच्या हाती दिली. तेव्हा पुस्तकात होती ती रूढी एक आणि लोक पाळत होते ती दुसरी. तिकडचे वकील दुसरीला 'जिवंत रूढी' म्हणतात.

लोबोल्याबद्दल. मी डर्बनमध्ये काही वर्षं हिशेबाचं काम केलं. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी एकदा पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढून दाखवला. शाळेच्या वहीतलं फाडलेलं पान. त्यावर एकाखाली एक गायी लिहिलेल्या, प्रत्येकीसमोर रँडमध्ये, म्हणजे तिकडच्या चलनात, रक्कम, खाली दोन्हीकडच्या मामा-काकांच्या सह्या. अकरावी गाय वेगळी, अधोरेखित. ती 'इंगकुथु', मुलीच्या आईची. तिच्यावर बापाचाही हक्क नसतो. ताई म्हणाल्या, "आईला तिच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने मिळालेली ही एकच वस्तू." मी तो कागद परत दिला तेव्हा त्यांनी घडीवरूनच घडी घालून ठेवला. त्यांच्या लग्नाचा दुसरा पुरावा नव्हता.

लोबोल्यात लोभ शिरला आहे, हे मी नाकारत नाही. शिकलेल्या मुलीचा आकडा वाढवणारे बाप मी तिथे पाहिले. पण देणं मुलाकडून मुलीकडे जातं आणि त्यातूनच लग्न सिद्ध होतं. हुंड्याशी त्याची सरसकट बरोबरी केली की त्या ताईंच्या हातातला पुरावा आपण कचऱ्यात टाकतो.

आणि पुराव्याचं महत्त्व विधवेला विचारा. तिकडच्या एका नामवंत रॅप गायकाचं २०१८ मध्ये निधन झालं. २०१६ च्या फेब्रुवारीत दोन्ही घरच्यांनी बसून ४५,००० रँड लोबोला ठरवला होता, ३०,००० दिले गेले, कागदावर सह्या झाल्या. मग मुलाच्या आत्यांनी नवरीला लग्नाचे कपडे नेसवले, त्याच्या कपड्यांशी जुळणारे, आणि तिचं अभिनंदन केलं. तो गेल्यावर सासरा म्हणाला, हे लग्नच नव्हे, मुलगी रीतसर सोपवली कुठे? ३० एप्रिल २०२० ला सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं, सोपवणुकीचा विधी झाला नाही एवढ्यावरून लग्न नाकारता येत नाही. ती बायकोच होती.

तुम्ही म्हणता, नोंदणी सक्तीची करा. कायद्यात नोंदणी सांगितलेलीच आहे, तीन महिन्यांच्या आत. पण रूढीच्या लग्नांना मान्यता देणारा १९९८ चा तो कायदा करणाऱ्यांनी एक शहाणपण केलं : नोंद नाही म्हणून लग्न बाद होत नाही, असं लिहून ठेवलं. नाहीतर नवरा गेल्यावर साक्षीला न येणाऱ्या सासरच्यांच्या हातात कोलीतच दिल्यासारखं झालं असतं.

मान्यता नसणं म्हणजे काय, हे त्या देशात आपल्या माणसांनीही भोगलं आहे. १९१३ मध्ये केप प्रांताच्या न्या. सर्ल यांनी ख्रिस्ती नसलेली भारतीय लग्नं अमान्य ठरवली, तेव्हा रातोरात बायका 'बायका' उरल्या नाहीत. कस्तुरबा तुरुंगात गेल्या त्या याच रागातून पेटलेल्या सत्याग्रहात. रायगड-रत्नागिरीच्या गावांतून केपटाउनला गेलेल्या कोकणी मुसलमान घरांत आजही निकाह होतात. नुसता निकाह लावलेल्या बाईला घटस्फोटात कायद्याचं संरक्षण नसणं घटनाबाह्य आहे, हे न्यायालयाने म्हणायला २८ जून २०२२ उजाडलं.

१९५६ चं उदाहरण तुम्ही दिलंत, म्हणून एवढंच : त्या कायद्याने वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ ला दिला, केंद्राने २००५ ला. अनुसूचित जमातींना तो कायदा अजून लागूच नाही. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबातल्या लेकीच्या वारसांना बरोबरीचा वाटा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १७ जुलै २०२५ ला. आणि हक्कसोडपत्रावर सही करायला भावाबरोबर येणाऱ्या बहिणी तुम्ही तुमच्या वकिलीत माझ्याहून कितीतरी जास्त पाहिल्या असतील.

जिथे मला स्वतःला उत्तर सापडत नाही ते शेवटी लिहिते. २०१३ च्या मायेलाने खटल्यात न्यायालयाने त्सोंगा समाजातल्या जाणत्यांची शपथपत्रं मागवली आणि ठरवलं की पहिल्या बायकोच्या संमतीशिवाय दुसरं लग्न वैध नाही. पहिलीच्या बाजूने हा मोठा निकाल. पण दुसरी बाईही स्वतःला बायकोच म्हणत होती, आणि नवरा गेल्यावर तिच्या हाती काही राहिलं नाही. पुढच्या लेखात हाच खटला घेणार आहे. तिच्या बाजूने तुम्ही वकील असता तर काय मांडलं असतं, ते जरूर कळवा.