नाकाची किंमत

कालपासून डोकं तापलंय. कॉलेजात स्टार्टअप पिचिंग होतं. ऐन एप्रिलात, नाशिकच्या उन्हात ब्लेझर सक्तीचा. माझा चुलतभावाचा; त्याच्या लग्नातल्या अक्षता अजून खिशात.

आमची आयडिया कांदाचाळीची. उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत चाळीत ठेवायचा, आणि त्यातला बराचसा आतल्या आत सडतो. वरून कळत नाही. म्हणून ढिगाच्या पोटात भोकाभोकांचा पाइप, पाइपात एमक्यू-१३५ सेन्सर; सडक्या कांद्याचा गॅस वाढला की शेतकऱ्याला मेसेज. चाळ चहूबाजूंनी उघडी, मग गॅस टिकणार कसा, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणून तर पाइप! पण विचारतो कोण?

परीक्षक तीन. दोघं मोबाइलात. तिसरे कुणा ट्रस्टींचे व्याही, दोन मंगल कार्यालयांचे मालक.

"हे करतं काय?"

"सर, सडका कांदा वासावरून ओळखतं."

"वास मलाही येतो."

"तोवर उशीर झालेला असतो, सर."

"माझ्या नाकाला आजवर उशीर झालेला नाही. गोणी न उसवता सांगतो, माल कसा आहे ते."

"पण सर, रात्री चाळीत कोण..."

"रात्री नाक बंद असतं का?"

हॉल खिदळला. फर्स्ट इयरची पोरं हजेरीच्या आमिषाने आणून बसवलेली. ती कशालाही हसतात.

"किंमत?"

"साधारण दोन हजार, सर."

"आणि नाकाची?"

एवढं बोलून त्यांनी सेन्सर उचलला आणि चक्क हुंगला. आता हा सेन्सर अल्कोहोलच्या वाफेनेही चेकाळतो आणि साहेबांनी सेंट मारला होता सढळ हाताने. स्क्रीनवरचा आलेख सरळ वर. पार्टनरचा मोबाइल स्पीकरला जोडलेला, तो खणखणीत आवाजात बोलला, "सावधान! माल सडत आहे."

आमचा नंबर तिथेच गेला.

पहिलं बक्षीस मेसचा मेनू सांगणाऱ्या ॲपला. आमच्या मेसला रोज बटाटाच असतो; पण ॲपच्या नावात एआय होतं. त्यांचा राग नाही. राग आहे तो फोटोंचा. केंद्राने २०१८ साली इनोव्हेशन कौन्सिलची योजना आणल्यापासून कॉलेजं उपक्रम अपलोड करून स्टार मिळवण्यामागे लागलीत. आम्हाला बोलायला मिनिटं चार, त्यातही घंटा. फोटोला मात्र अर्धा तास. फोटोवर ठिकाण दाखवणारा जिओटॅग नीट उमटेना, बॅनर कापला जातोय, म्हणून सगळ्यांना पुन्हा स्टेजवर. व्याह्यांनी सेन्सर हातात धरून, आमच्या खांद्यावर हात ठेवून पोज दिली. "नवोन्मेषाला प्रोत्साहन" असं अहवालात जाणार म्हणे.

थर्मोकोलचा तो भलामोठा चेक गेल्या वर्षीचाच, वर नवीन नावं चिकटवलेली. जुन्या विजेत्यांना त्यातला रुपयाही मिळालेला नाही. ते पास होऊन हिंजवडीत नोकरीला लागलेसुद्धा.