शंभर वॉटच्या तक्रारीवर टिळकवाडीच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू सोमवारी वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय की 50 वॉटचा जुना ॲम्प्लिफायर काढून 42,000 रुपयांना 100 वॉटचा घेतला तरी आवाज म्हणावा तसा वाढला नाही. अर्ध्या तासात मशीन बंद पडतं, तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही, आणि विचारायला गेलं की दुकानवाले नवीन स्पीकर गळ्यात मारायला बघतात. गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः तुमच्याकडे येऊन गेलो, त्यामुळे तिथं काय सापडलं ते सगळं इथंच लिहितो. हा रिव्ह्यू वाचून दोघांनी दुकानात फोन केला, त्यांनाही कळू दे.

मशीन बंद पडत होतं ती चूक आमची. तुमच्याकडे स्पीकरच्या दोन जोड्या, हॉलमधली 8 ओहमची आणि व्हरांड्यातली 6 ओहमची. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका मशीनवर भार जास्त. जुन्या ॲम्प्लिफायरला मागे ए आणि बी असे वेगळे टर्मिनल होते, आणि दोन्ही चालू केले की तो आतल्या आत सिरीज करायचा, एकामागे एक जोडायचा. म्हणजे 14 ओहम, मशीनला काही जड नाही. नव्याला टर्मिनल एकाच जोडीचे. आमच्या पोरानं दोन्ही जोड्यांच्या वायरी एकत्र पिळून त्यातच कोंबल्या. अशा शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल झाल्यावर 8 आणि 6 मिळून साडेतीन ओहमसुद्धा भरत नाहीत, आणि मशीनच्या पाठीवर तर 6 ते 16 ओहम असं छापलेलं आहे. करंट वाढला, मशीन तापलं आणि आतल्या प्रोटेक्शननं ते बंद केलं. बिचाऱ्यानं आपलं काम केलं. गुरुवारी व्हरांड्याची जोडी सोडवली, त्यानंतर दोन तास सलग चालवून बघितलं, तुमच्यासमोरच. जोडणीचे 500 रुपये परत करतोय, त्यावर चर्चा नको.

डग्ग्याचं मात्र आमच्या अंगावर घेणार नाही. नवीन मशीन आल्यावर तुम्ही कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं आणि वायर पुरेना म्हणून इलेक्ट्रिशियनकडून जोड मारून घेतलात. त्या जोडात डाव्या स्पीकरची लाल-काळी उलटी झाली होती. आठवतं का, ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवून मी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल लावला होता? उजव्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर उडाला आणि डाव्याचा आत गेला. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, मग खालचे सूर हवेतच एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर वाजत राहतात म्हणून बिघाड पटकन कळतही नाही, नुसतं काहीतरी पोकळ वाटत राहतं. जोड सरळ केला, तुम्ही मल्लिकार्जुन मन्सूरांचं तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलंत, आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता आला बघा डग्गा."

आता वॉट. सर, 50 चे 100 वॉट केले की आवाज 3 डेसिबलनं वाढतो. कानाला कळतो, पण दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. तुमच्या 50 च्या जागी 500 वॉट! तेवढे घातले तर ते स्पीकर जळतील. उलट स्पीकरच्या पाठीवर सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो तो वाचा. तुमच्यावर 84 आहे. 1 वॉट दिला तर एक मीटरवर 84 डेसिबल. 90 वाला स्पीकर त्याच 1 वॉटवर 6 डेसिबल जास्त देतो, म्हणजे चौपट पॉवरचं काम फुकटात होतं. एरवी बोलत-बोलत गाणं ऐकायला एक-दोन वॉटच पुरतात.

पोरानं तुम्हाला सांगितलं ते हेच, पण सांगितलं ते "स्पीकरच बंडल आहेत तुमचे" अशा भाषेत. त्याला मी बोललोय. तुमचे स्पीकर बंडल नाहीत, गोड आहेत, फक्त त्यांना जास्त पाजावं लागतं. गळ्यात मारायचा आरोप मी मानत नाही, पण माझी खरी चूक त्याच्याही आधीची आहे. काउंटरवर तुम्ही म्हणालात, "जास्त वॉटचा दाखवा", आणि मी दाखवला. घरी स्पीकर कोणते, किती जोड्या, खोली केवढी, हे काही विचारलं नाही. गणपतीच्या तोंडावर मंडळवाले येतात, वॉट विचारतात, आम्ही वॉट सांगतो. तीच सवय घरच्या गिऱ्हाइकाला लावली.

एक राहिलं. जुन्यात नॉब दहावर पुरायचा, नव्यात बारावर न्यावा लागतो असं तुम्ही लिहिलंय. नॉब कुठं आहे त्यावरून ताकद मोजू नका. आधी तुमच्याकडे सीडी प्लेअर होता, तो 2 व्होल्ट देतो. आता फोन लावता, बहुतेक फोनच्या पिनेतून 1 व्होल्टसुद्धा येत नाही. फोनचा आवाज पूर्ण करा आणि मग नॉब फिरवा.

पूर्ण पैसे परत मागितलेत, ते जमणार नाही, कारण मशीनमध्ये दोष नाही. हवं तर महिनाअखेरपर्यंत बदलून 60 वॉटचा, ए-बी स्विचवाला घ्या. खोका तुमच्याकडे आहे, फरकाची रक्कम तुम्हाला परत मिळेल आणि व्हरांडाही वाजेल. तो दोन्ही जोड्या सिरीज करतो, हे मी उघडून बघितलंय. नाहीतर 90 वाली एक जोडी आठ दिवस घरी नेऊन ऐका, पैसे न देता. पुन्हा विकायला बसला असं म्हणाल, म्हणून सांगतो, ती माझी वापरातली डेमो जोडी आहे, विकायची नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. शनिवारी येणार असाल तर सकाळी या, दीड ते चार दुकान बंद असतं. 500 रुपये पाकिटात घालून काउंटरवर ठेवलेत, मी नसलो तरी मागून घ्या.